मारुतीच्या नाकासमोर अर्धा मैल

"वन्सं, लग्न मोडायला लागलंय," शालन वहिनी दारातूनच ओरडली, "पण बँड चालू हाय!"

मी माजघरात पाटावर बसले होते. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा आणि पुढ्यात आत्यानं आणून ठेवलेली शिऱ्याची बशी. अर्धा शिरा पोटात गेला होता. लग्न मोडतंय म्हटल्यावर उरलेला खावा की ठेवावा हे मला सुचेना, म्हणून मी घास हातातच धरून बसले.

"नीट सांग गं. कोण मोडतंय?"

"दोघंबी. नवरदेवाची बस आली, पण ती पंचायतीच्या फळ्यापाशीच थांबलीय. मामंजी ओढ्याच्या मोरीपाशी पाट मांडून उभे. मधली सडक मोकळी. हे म्हणत्यात तुमी पुढं या, ते म्हणत्यात तुमीच या. तिकडं त्यांचा बँड, इकडं आपला. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत न्हाय म्हणून दोघंबी जीव खाऊन वाजवत्यात."

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन करतात. नवरदेव गावाच्या शिवेवर येऊन थांबतो, मुलीचे आईवडील तिथं जाऊन त्याचे पाय धुतात, टिळा लावतात, कापडं देतात आणि मगच तो गावात पाऊल टाकतो. आता हे सगळं कार्यालयाच्या दारात पायपुसण्यावर उरकतात. तेव्हाही पुष्कळ ठिकाणी तसंच चाले. पण नवऱ्यामुलाचे चुलते नाना हिवरकर हे कशातच उरकणारे गृहस्थ नव्हते. पूजन शिवेवरच व्हायचं, हे त्यांनी सुपारी फुटली त्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आणि माझे वडील, आमचे अण्णाही काही कमी नव्हते. अंजिराच्या बागेत एक फांदी शेजाऱ्याच्या बांधावर गेली तर त्या फांदीची अंजिरं ते शेजाऱ्याला नेऊन देत, आणि शेजाऱ्याची फांदी आमच्याकडं आली तर तिची मागून घेत.

"पण भांडण कशाचं?" मी विचारलं.

"शीव कुठं हाय, त्याचं."

आमच्या कळमजाई गावाच्या शिवेचा दगड डांबरी सडक झाली तेव्हा रोलरखाली गेला होता. तेव्हापासून मोरी हीच शीव असं गावात सगळे धरून चालत. नाना ते मानायला तयार नव्हते. त्यांच्यापुढं 'कळमजाई ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे' असा भला मोठा फळा उभा होता. तुमचं गाव इथं सुरू होतं हे तुमच्याच पंचायतीनं लिहून ठेवलंय, म्हणाले, मग मी इथनं एक पाऊल पुढं टाकणार नाही. फळा तिथं लावला कारण विजेच्या खांबासाठी खणलेला एक खड्डा तिथं आयता मोकळा पडला होता, हे अण्णांनी निरोप्याकरवी कळवलं. नानांनी उलट निरोप धाडला की खड्ड्याशी आम्हाला काय करायचंय, अक्षर वाचता येतं आम्हाला.

"आन् नाना काय म्हणाले म्हाइतीय का?" वहिनीनं आवाज खाली आणला. "म्हणाले, पूजन न होता पोरगा शिवेच्या आत गेला तर तो घरजावई होतो. दिवेलागणीपर्यंत वाट बघतो, न्हायतर बस फिरवतो."

मी घास बशीत ठेवला.

इथं मला थोडं मागं जाऊन सांगितलं पाहिजे. मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. बघायचा कार्यक्रम झाला तेव्हा नानांनी मला एकच प्रश्न विचारला, "लग्नानंतर नोकरीचं काय?" मी म्हटलं, "करणार." नाना म्हणाले, "बघू." मोठ्या माणसांच्या 'बघू'चा अर्थ काय असतो हे गणिताच्या मास्तरणीलाही कळतं. त्यांचं गाव इतकं लांब, की तिथून रोज कॉलेजला येणं केवळ अशक्य. आणि ज्यांच्याशी मी लग्न करणार ते जयवंत हिवरकर, सहकारी बँकेत कारकून, त्या सगळ्या वेळात खाली मान घालून पोहे खात होते. हो नाही की नाही नाही. एकदा फक्त वर बघितलं आणि वहिनीला म्हणाले, "पोहे छान झालेत." ते मी केले होते.

मला माणूस आवडला होता, खोटं कशाला बोलू? डोळे शांत होते. पण या माणसाच्या तोंडात स्वतःची जीभ आहे की सगळं नानांच्या जिभेवर चालतं, हे मला कळलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, नोकरीचं आपण नंतर बोलून घेऊ. मग याद्या झाल्या, बस्ता झाला, पत्रिका वाटल्या आणि ते बोलणं राहूनच गेलं.

"जयवंत काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते बसमधी बसल्यात. खिडकीशी."

"खाली नाही उतरले?"

"न्हाय वं."

मला असा राग आला म्हणता! नानांचा नाही, अण्णांचाही नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाचा. मी उठले आणि चपला शोधायला लागले.

"कुठं निघाला? हळद लागलीय तुमाला!"

"मारुतीच्या पाया पडायला."

हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडू नये म्हणतात, पण मारुतीच्या पाया पडायला नको असं आत्यालाही म्हणता येईना. वहिनीनं रांगोळीचा डबा काखोटीला मारला आणि ती माझ्यामागं निघाली. डबा कशाला म्हणून तिनं विचारलं नाही. मी घे म्हणाले म्हणून घेतला. अशी भावजय मिळायला नशीब लागतं.

आमच्याकडं शिवेबद्दल एक जुनी म्हण होती. लहान पोरालाही पाठ असायची. 'मारुतीच्या नाकासमोर अर्धा मैल, तिथनं आडवी शीव.' मीसुद्धा ती हजारदा ऐकली होती आणि त्या दिवसापर्यंत तिचा विचार केला नव्हता. त्याच आठवड्यात मी अकरावीला सरळ रेषेच्या समीकरणाचं लंबरूप शिकवलं होतं, ज्याला आम्ही नॉर्मल फॉर्म म्हणतो. एक्स कॉस अल्फा अधिक वाय साइन अल्फा बरोबर पी. पोरं नेहमीप्रमाणं सुतकी चेहरे करून बसली होती. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, अरे, समीकरण राहू दे. आरंभबिंदूवर उभे राहा. अल्फा कोनात तोंड करा. पी इतकं अंतर सरळ चाला. थांबा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. तुमचे हात म्हणजे ती रेषा. तिच्यासाठी तिसरी गोष्ट कुठली लागत नाही, तोंड कुठं आणि चालायचं किती, बास.

माजघरात बसल्या बसल्या मला दिसलं की आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी नेमकं हेच सांगून ठेवलं होतं. मारुती हा आरंभबिंदू, त्याचं नाक ही दिशा आणि अर्धा मैल ते अंतर. चूक झाली ती पुढच्यांची. पूर्वी गाडीवाट मारुतीच्या समोरून सरळ निघायची. डांबरी सडक करताना तिच्या आड कुणाची तरी विहीर आली, म्हणून सडक देवळाच्या पायरीपासूनच उजवीकडं कलती काढली. लोकांनी मग अर्धा मैल मोजला तो या कलत्या सडकेवर. तिथं मोरी होती. झाली शीव! अर्धा मैल खरा, पण नाक चुकलं.

देवळापुढच्या आवारात चौरस शहाबादी फरश्या आहेत, देवळाला धरून नीट ओळीनं बसवलेल्या. मी वहिनीला पायरीशी उभं केलं.

"मारुतीकडं पाठ कर. तो बघतो तिकडं बघ."

"केली. पुढं?"

"आठ फरश्या चाल. सरळ. एक फरशी म्हणजे शंभर मीटर समज. आठशे मीटर म्हणजे अर्धा मैल."

वहिनी पदर खोचून चालली. आठव्या फरशीच्या टोकाला थांबली.

"आता दोन्ही हात पसर."

तिनं पसरले.

"ही आपली शीव."

"माजे हात?" वहिनी इतकी खूश झाली, की पुढचा सगळा वेळ तिनं ते हात खाली घेतलेच नाहीत.

तिच्या हातांखालच्या सांध्यावरून मी उजवीकडं रांगोळीची रेघ ओढली. मग मांडववाल्याच्या भेंडोळ्यातून आणलेल्या सुतळीचं एक टोक पायरीशी दगडाखाली दाबलं आणि दुसरं सडकेच्या रोखानं ताणून धरलं. रांगोळीची रेघ आणि सुतळी जिथं भेटली तिथं सुतळीला गाठ मारली. गाठीपर्यंतची सुतळी फरश्यांवर ठेवून मोजली, ती सव्वानऊ फरश्या भरली.

"मोरी आठवर," मी म्हटलं. "म्हणजे खरी शीव मोरीच्या पुढं सव्वाशे मीटर."

"आन् त्यो फळा?"

"फळा त्याच्याही पुढं. तो शेजारच्या दहिवड गावच्या हद्दीत उभा आहे."

वहिनीनं शेवटी हात खाली घेतले. "म्हंजे नानाबी चुकले आन् मामंजीबी. हे लई वंगाळ झालं, वन्सं. एक चुकला तर दुसरा माफ तरी करतो."

घरामागून अण्णांची सायकल घेतली. चाकाचा परीघ काढायला गणिताच्या माणसाला वेळ लागत नाही. पुढच्या चाकाला चिंधी बांधली आणि सायकल हातात धरून मी सडकेला लागले. हळदीनं पिवळी झालेली नवरी, हातात सायकल, मागं रांगोळीचा डबा घेतलेली वहिनी. वाटेतली म्हातारी माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलंही, "नवरी पळाली का काय?" वहिनी ठसक्यात म्हणाली, "पळायचं असतं तर सायकलवर बसली नसती का?"

मोरीपाशी अण्णा पाटाजवळ उभे होते. आई हातात तांब्या-तबक घेऊन. आमचा बँड मला बघून मध्येच थांबला.

"कुंदे! हळदीच्या अंगानं!"

"अण्णा, शीव इथं नाहीय. पुढं आहे." मी दोन वाक्यांत सांगितलं. नाक चुकलं एवढं म्हटल्यावर अण्णांना लगेच कळलं. जमिनीचा माणूस, कलतं मोजलं की लांबी वाढते हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हंजे आपलं गाव सव्वाशे मीटर वाढलं?" त्यांचा चेहरा उजळला. पण लगेच पडला. "नक्की ना गं? एक हात जरी भाएर गेलो तरी मी पाय धुणार न्हाय. शिवेभाएर जाऊन पाय धुतले की पोरगी माहेराला पारखी होती. माज्या थोरल्या भनीचं तसंच झालं. तिला परत बघितलीच न्हाय मी." 

हे अण्णा मला पहिल्यांदाच सांगत होते. मला वाटलं होतं की ते मानासाठी अडून बसलेत. मी म्हटलं, "नक्की, अण्णा. एक हातसुद्धा बाहेर नाही."

चिंधीचे फेरे मोजत मी पुढं निघाले. मागं अण्णा पाट घेऊन, आई, वहिनी आणि आता पुन्हा सुरू झालेला बँड. मोजणी जिथं संपली तिथं सडकेच्या कडेला करंजाचं एक झाड होतं, आमच्याच बाजूला. त्याच्या चार पावलं पुढं मी सायकल उभी केली. देवळाच्या कळसाकडं बघून रोख धरला आणि सडकेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत रांगोळीची रेघ ओढली. सडक तिथं कलती असल्यामुळं रेघ सडकेला सरळ आडवी आली नाही, तिरपी आली.

फळ्यापाशी खळबळ उडाली. पांढरं धोतर, गुलाबी फेटा आणि हातात काठी असे नाना एकटेच तरातरा चालत आले आणि रेघेपासून काठीभर अंतरावर थांबले. नवरी समोर बघून त्यांनी फेटा नीट केला.

"ही कसली रांगोळी?"

"शीव आहे, नाना."

"कुणी ठरवली?"

"मारुतीनं. मी नुसती रांगोळी टाकली."

नानांनी मान वाकडी करून रेघ बघितली. "ही तिरकी कशी? शीव सडकेला आडवी पायजे."

"रेघ सरळच आहे. सडक तिरकी आहे."

मग मी त्यांना नाकाची गोष्ट सांगितली. नाना हट्टी होते, पण बुद्धीनं मंद नव्हते. त्यांनी काठी डोळ्यासमोर आडवी धरली, कळसाकडं बघितलं, रेघेकडं बघितलं, पुन्हा कळसाकडं. मग सुस्कारा टाकला. "बरं. मानली. म्हंजे आमी फळ्यापाशी हुतो ते दहिवडात. ठीक. आता पाट कुठं ठेवायचा?"

"रेघेवर," अण्णा म्हणाले.

"रेघेवर म्हंजे? अर्धा आत, अर्धा भाएर? पोरगा कुठं मग?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात रोज तेच तेच बोलून तोंडाला सवय लागते. "नाना, रेषेला जाडी नसते," मी म्हणाले.

"नसती?"

"अजिबात नसते."

"मंग तिच्यावर कुणाला उभं ऱ्हाता येईल का?"

"भूमितीप्रमाणं... नाही."

वहिनीनं कपाळाला हात लावला. नाना तर काठी आपटून म्हणाले, "झालं! ऐकलंत, रासकर? तुमचीच पोरगी म्हणती. रेघेवर कुणी ऱ्हातच न्हाय. एक तर आत, न्हायतर भाएर. भाएर तुमी पाय धुणार न्हाय आन् आत मी त्याला पूजनाबिगर सोडणार न्हाय. मंग बस फिरवलेली बरी!"

सूर्य डोंगराला टेकायला आला होता. दोन्ही बँड थांबले होते. एवढी मोजणी करून, नाक शोधून काढून, मी दोघांना पहिल्यापेक्षा पक्कं अडकवून ठेवलं होतं. मला रडू येणार असं वाटायला लागलं आणि तेही नानांच्या समोर, म्हणून मी बसकडं बघितलं.

बसच्या दारातून जयवंत उतरत होते.

मुंडावळ्या तोंडावर येत होत्या म्हणून त्यांनी त्या कानामागं खोचल्या. फेटा काढून मागच्या कुणाच्या तरी हातात दिला. आणि चालत आले. घाई नाही, काही नाही. बँकेत टेबलाकडं जावं तसे. नानांच्या शेजारी येऊन थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. रेघेपाशी आले, खाली बघितलं, रांगोळी पुसणार नाही अशा बेतानं पाऊल उचललं आणि आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"जया!" नाना ओरडले. "पाय माघारी घे! घरजावई व्हशील!"

"झालो तर झालो, नाना."

"झालो तर झालो? लोक काय म्हणतील? नानानं वाढवला आन् सासऱ्यानं नेला म्हणतील!" नानांनी काठी सडकेवर आपटली. "मला काय ठावं न्हाय व्हय रं? हितल्या तालुक्याच्या शाखंत बदली मागितलीस तू. दोन महिनं झालं. बँकेतल्या मानसानं सांगितलं मला. तू न्हाय सांगितलंस!"

मी जयवंतांकडं बघितलं. दोन महिने म्हणजे पोहे खाल्ले त्याच आठवड्यात.

"तुम्ही विचारलं नाही, नाना."

"म्या का इचारू? तू सांगायला नको?"

मला तेव्हा समजलं की हे घरच असं आहे. यांच्यात कुणी कुणाला मनातलं सांगत नाही. एकजण बदली मागतो आणि दुसरा शिवेवर अडून बसतो.

"मलाही सांगितलं नाहीत," मी हळूच म्हटलं.

"तुम्ही 'करणार' म्हणालात ना," जयवंत म्हणाले. "मग मलाच यावं लागणार होतं. त्यात सांगायचं काय?"

असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? मी इतक्या दिवसांत मनातल्या मनात त्यांच्याशी केलेली सगळी भांडणं एकदम वाया गेली.

नाना पाठमोरे झाले होते. फेट्याचा शेमला पुढं घेऊन डोळे पुसत होते आणि धूळ गेल्याचं ढोंगही त्यांना धड जमत नव्हतं. "त्येचा बाप गेला तवा चालतबी नव्हता ह्यो," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "खांद्यावर घिऊन रानात जायचो. आता म्हणतो झालो तर झालो."

इकडं अण्णा पाट छातीशी धरून उभे, पोरगी पारखी होईल म्हणून. तिकडं नाना, पोरगा जाईल म्हणून. मघापासून सगळं गाव समजत होतं की हे मानपानाचं भांडण आहे. मीही तेच समजत होते, आणि म्हणून फरश्या मोजत बसले होते.

मी रेघ ओलांडली. मागून आईचा "अगं, अगं!" असा आवाज आला. मी नानांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि वाकून नमस्कार केला. वाकताना हळदीचा हात त्यांच्या पांढऱ्या धोतराला लागला.

"नाना, तुमचा माणूस आत गेला. त्याच्या बदल्यात मी बाहेर आले. हिशोब बरोबर झाला का बघा."

नाना धोतरावरचा हळदीचा डाग झटकायला लागले.

"कॉलेजला सुट्टी लागली की आम्ही तुमच्याकडं. दिवाळी तुमच्याकडं. उन्हाळा सगळा तुमच्याकडं. रानात खुरपायला येईन असं खोटं नाही सांगत, मला जमत नाही. पण येईन."

"भाकरी येती का?"

"वाकडी येते."

"सडकंसारखी?"

"तेवढी नाही."

नानांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं पुन्हा रडतायत, पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आईनं पाय धुवायला आणलेल्या तांब्यातलंच पाणी त्यांना पुढं केलं. ते त्यांनी घटाघटा प्यायलं. मग काठी बगलेत मारून ते रेघेपाशी गेले, अण्णांच्या हातातला पाट त्यांनी ओढून घेतला आणि रेघ ओलांडून थेट करंजाच्या झाडाखाली नेऊन टेकवला.

"नाना!" अण्णा घाबरून म्हणाले. "हे आत झालं!"

"घरजावई झालाच हाय, तर पूजन तरी झाडाखाली निवांत करू. सडकंवर मोटारी येत्यात." त्यांनी बसकडं हात केला. "या रं समदी! आन् बँडवाल्यांनू, आता एकच काय तरी वाजवा. दोन ऐकून डोकं उठलंय."

बसमधली माणसं उतरून धावत आली. फळा मागं टाकून, रांगोळी तुडवत, पोरंबाळं, करवल्या, ट्रंका, सगळी वऱ्हाडी माणसं कळमजाईत शिरली. अण्णा जयवंतांचे पाय धुवायला वाकले आणि आई दुसरं पाणी आणायला मोरीकडं पळाली. रेघेच्या बाहेर मी एकटीच राहिले. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं आणि मी सायकलीकडं बघत उभी.

तेवढ्यात नानांनी गर्दीतून मान वर काढली.

"अगं ए सूनबाई! तिकडं एकटी काय करतीस परक्या गावात? ये, आत ये. लाजू नको, गाव आपलंच हाय."

मी पदर सावरला आणि माझ्या जन्मगावात सून होऊन पहिलं पाऊल टाकलं.